तारा का लावल्या नाहीत, हे तुम्ही विचारलेत म्हणून

"पोराचे अजून दुधाचे दात पडून राहिले, अन् तुम्ही आत्ताच अलायनर लावून दिले?" हा प्रश्न मला धरमपेठेतल्या भाजीवाल्यापाशी उभी असतानाही आला आहे आणि नणंदेकडच्या हळदीकुंकवातही. अलायनर म्हणजे दात हळूहळू सरकवणारे, काढता-घालता येणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, एकामागून एक घालायचे. त्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा ठरलेला असतो, की साध्या तारा का लावल्या नाहीत. दोन वर्षे मी हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून ठेवते.

वयाचे कारण खरे होते. मुलाचे वरचे पुढचे दात इतके पुढे होते की ओठ मिटायलाही त्याला जोर लावावा लागे, आणि आठव्या वर्षी तो सायकलवरून पडला तेव्हा त्यांतल्याच एकाचा कोपरा उडाला. अशा दातांना लहानपणीच मागे घेतले तर पुढे मार लागण्याचा धोका कमी होतो, असे उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आणि पुन्हा २०१८ च्या आढाव्यात म्हटले आहे, आणि हे वाक्य मी विचारणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत आले. त्याच आढाव्यात असेही आहे की याखेरीज लवकर उपचार करण्याचा वेगळा फायदा दिसत नाही, वयात येताना एकाच टप्प्यात केले तरी शेवट साधारण तोच येतो. शिवाय ते अभ्यास फंक्शनल उपकरणांवर (जबड्याची ठेवण बदलणाऱ्या) आणि हेडगियरवर (डोक्यामागून पट्ट्याने दात ओढणाऱ्या) झालेले आहेत, पारदर्शक ट्रेवर नव्हेत. हे मात्र मी सोयीस्करपणे गिळत असे.

मग अलायनरच का? घासायला सोपे, तार टोचत नाही, खाण्याचे पथ्य नाही, ही माझी उत्तरे पाठ होती आणि ती खोटी नाहीत. पण नववीत माझ्या दातांवर तारा होत्या आणि वर्गातली मुले मला 'रेल्वेलाइन' म्हणत. त्या वर्षाच्या एकाही फोटोत माझे ओठ उघडे नाहीत. मुलाने 'दिसणार नाही असे काहीतरी लाव' असे कधीच म्हटले नव्हते. न दिसणारे मला हवे होते.

तार एकदा चिकटवली की ती आपले काम करत राहते, मुलाची इच्छा असो वा नसो. ट्रेचे तसे नाही. दिवसाचे बावीस तास तो तोंडात हवा, खाताना आणि घासताना तेवढा काढायचा, घातलेला असताना पाण्याशिवाय काही प्यायचे नाही, आणि दर दहा दिवसांनी पुढचा घालायचा. नागपूरच्या मे महिन्यात, घरोघरी पन्हे पुढे येत असताना आणि रस्तोरस्ती उसाचा रस मिळत असताना, नऊ वर्षांच्या मुलाने हे शहाण्यासारखे पाळावे अशी माझी अपेक्षा होती.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळ्यांत आम्ही इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहून आलो. संध्याकाळी सोसायटीतली मुले आपापले लाकडी नंदी सजवून जमली, बोजारा, म्हणजे मुलांना द्यायचा खाऊ-पैसा, वाटला गेला, मग चिवडा आणि समोसे झाले. घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे "ट्रे?" म्हणून विचारले आणि त्याने खिसे चाचपले. डबी होती, पण ती रिकामी. खाताना ट्रे काढून कागदी रुमालात गुंडाळला होता आणि रुमाल प्लेटीबरोबर गेला होता. सकाळीच मारबतीने नेला, असे म्हणून हसता आले असते. मी पार्किंगमध्ये कचऱ्याची काळी पिशवी उलटी केली आणि मोबाइलच्या उजेडात चटणीने माखलेला एकेक रुमाल उलगडू लागले. बाकीच्या आया पाहत होत्या. त्या पैशांत आमची दुचाकी आली असती, हे वाक्य मी तेव्हा मोठ्याने बोलले, आणि एकदाच नाही. मुलगा नंदीचा दोर हातात धरून उभा होता. बराच वेळाने तो म्हणाला, "आई, नको शोधू. मी शाळेत घालतच नाही तो."

ट्रे घातल्यावर त्याचा 'स' घसरे आणि वर्गात त्याची नक्कल होई. त्यामुळे शाळेच्या दारात तो ट्रे डबीत जाई आणि रिक्षात बसताना पुन्हा तोंडात. किती दिवस, तर "दिवाळीपासून नाही, पण उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर रोज." त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. हे लिहितानाही मला वाटते की बोलायला हवे होते, आणि तरीही त्या क्षणी मी रागावले यात मला चूक दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधीचा ट्रे बसवून पाहिला. पुढच्या दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये नखभर फट होती. दात आराखड्याप्रमाणे सरकलेच नव्हते. तीन ट्रे मागे जाऊन सुरुवात झाली, नंतर पुन्हा स्कॅन झाला, आणि उपचार ठरल्यापेक्षा कितीतरी लांबला. ओठ आता सहज मिटतात, एवढे पदरात पडले. तारा लावल्या असत्या तर हे टळले असते का, असे तुम्ही विचाराल. ही फट कदाचित टळली असती. पण शाळेत जे झाले ते टळले असते का, हे नववीतल्या मला विचारा. ती अजून माझ्याशी भांडते.

तो आता अकरा वर्षांचा आहे, सुळे यायचे आहेत आणि पुढचा टप्पा बाकी आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी या वेळी माझ्याकडे न पाहता त्यालाच विचारले, आणि तो लगेच म्हणाला, "तारा." मी काही बोलले नाही, पण घरी येईपर्यंत मला वाईट वाटत राहिले.