मामांच्या बोटीच्या खिडक्या

पैठणला माझं बोर्ड बनवायचं दुकान आहे. ॲक्रिलिकची अक्षरं कापण्यात १५ वर्षं गेली. त्यामुळे मामांनी नाथसागरावरच्या त्यांच्या बोटीच्या केबिनला खिडक्या बसवायला सांगितलं, तेव्हा मी एका दुपारी काम उरकून मोकळा झालो. दुकानात उरलेली ४ मिलिमीटरची शीट, चारी कडांना आवळलेले स्क्रू, वरून सिलिकॉनचा हात. पुढच्या मे महिन्यात प्रत्येक स्क्रूभोवती चिरा फाकल्या होत्या. मामांनी त्यावरून बोट फिरवलं. "का रे, तुझ्या बोर्डाला बी अशाच पडतेत का?"

बोर्डाला पडत नाहीत. अक्षर लहान असतं, वाढून वाढून कितीसं वाढणार! खिडकी ९०० मिलिमीटर लांब. ॲक्रिलिक मीटरमागे दर अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतं. जानेवारीच्या पहाटे १० अंश, मेच्या उन्हात तापलेली शीट ६०, म्हणजे ३ मिलिमीटरचा फरक. बोटीचं फायबर याच्या निम्म्यानेही वाढत नाही. शीट पसरायला बघते, स्क्रू सोडत नाही. मग भोकापाशी तडकते. हे गणित मला वास्कोच्या बोटयार्डात काम करणाऱ्या शाळूसोबत्याने फोनवर करून दाखवलं. वर म्हणाला, "स्क्रू लावूच नको, चिकटव."

चिकटवायचं म्हणजे आमच्या धंद्यात क्लोरोफॉर्म. तो हसत सुटला. क्लोरोफॉर्मने ॲक्रिलिकला ॲक्रिलिक जुळतं, फायबरला नाही. इथे सिलिकॉननेच चिकटवायचं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरतं, बोट काठावर ओढलेली असते, त्यामुळे वेळ बरी होती. या खेपेला ६ मिलिमीटरची कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेली शीट आणली. एक्स्ट्रूडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली स्वस्त पडते, पण लवकर तडकते. लेझरवर कापू नको, अशी सक्त ताकीद होती. लेझरच्या कडेत ताण राहतो आणि पुसायचं अल्कोहोल लागलं की तिथे बारीक केसासारख्या रेषा उमटतात. माझा विश्वास बसेना, म्हणून दुकानातल्या लेझरच्या तुकड्यावर अल्कोहोल चोळलं. थोड्या वेळाने उजेडात धरलं तर कडेला रेषाच रेषा. मुकाट राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याचं कापायचं यंत्र काढलं, कोपरे गोल केले, कडा पॉलिश पेपरने घासल्या. शीट खिडकीच्या भोकापेक्षा चारी बाजूंनी ३० मिलिमीटर मोठी ठेवली.

सिलिकॉनने मात्र घाम काढला. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या पहिल्या ट्यूबला व्हिनेगरचा वास येत होता. तुकड्यावर लावून तीन दिवस ठेवलं, नखाने सोललं तर साल निघावी तसं अख्खं निघून आलं. मग संभाजीनगरला इमारतींच्या काचा बसवणाऱ्याकडून काळं न्यूट्रल, म्हणजे व्हिनेगरचा वास नसलेलं सिलिकॉन आणलं. ते उन्हालाही टिकतं.

स्क्रूची जुनी भोकं इपॉक्सीने बुजवली, चिकटायची जागा खरखरीत केली, अल्कोहोलने पुसली. थिनर शीटला लावायचाच नाही. शीटवरचा कागद फक्त काठापुरता कापून काढला. आतल्या कडेने ३ मिलिमीटर जाडीची फोमची टेप फिरवली. माझ्या मते सगळी गोम या टेपेत आहे, कारण शीट कितीही दाबली तरी मागे सिलिकॉनचा तेवढा थर राहतो आणि तो थर रबरासारखा ओढ सोसतो. काम दुपारी नाही, दिवस कलल्यावर केलं. भर उन्हात शीट आधीच पसरलेली असते. टेपेबाहेर सिलिकॉन भरलं, शीट टेकवली, बांबूचे टेकू दिले, कड आईस्क्रीमच्या काडीने ओढली आणि साय धरायच्या आत मास्किंग टेप उपसली. मामा कंदील धरावा तसा मोबाइल धरून उभे होते.

आठ दिवसांनी बघतो तर कड आतून अजून मऊ. पुन्हा फोन. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर वाळतं, आणि मेमध्ये आपल्याकडे ओठ फुटतात, तिथे ओलावा कुठला? त्याच्या वास्कोला हा प्रश्नच येत नाही. मामांनी भिजवलेली गोणपाटं केबिनभोवती टांगली, सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहिले. आणखी दोन आठवडे टेकू हलवू दिले नाहीत. जाणारे-येणारे विचारत, "बोटीला कूलर बसवला का?"

नाशिककडचं पाणी आलं आणि ऑगस्टमध्ये बोट तरंगली. वाऱ्याने नाथसागरात लाटा उठतात, तेव्हा केबिनवर पाण्याच्या चापट्या बसतात. पहिल्याच फेरीला मामांचा फोन आला. गळायलंय. पोटात गोळा आला. जाऊन बघितलं तर खिडक्या कोरड्या. पाणी छतावरच्या दिव्याच्या वायरीच्या भोकातून ओघळत होतं. ते भोक त्यांनी स्वतः पाडलेलं. उरलेलं सिलिकॉन तिथे भरलं.

"उरलेली शीट कुठंय?" मामांनी विचारलं. मामींना गोठ्याला खिडकी हवी आहे.