ड्रॅगनच्या गुहेत हवा कुठून येते?

ड्रॅगन बोलतो, पटलं. त्याचं खरं नाव उच्चारलं की गुमान बसतो, तेही पटलं. म्हातारा जादूगार कावळा होऊन उडून गेला तरी माझी काही तक्रार नव्हती, चांदोबा वाचून वाढलेल्या माणसाला एवढं पचतंच. दुपारी जेवून आडवा पडून जाडजूड कादंबरी मजेत चालली होती.

मग हिरो गुहेत उतरला. शंभर वर्षं दगड लावून बंद असलेली गुहा, तळाला सोन्याचा ढीग, ढिगावर ड्रॅगन झोपलेला, आणि हा पठ्ठ्या दगड सरकवतो काय, मशाल घेऊन तरातरा खाली जातो काय. मशाल साधी फडफडतसुद्धा नाही! इथं माझं डोकं सटकलं.

आमचे अण्णा हळदीच्या धंद्यात. रविवारी सायकलच्या दांडीवर बसवून मला सांगलीजवळच्या हरिपूरला न्यायचे, पेव उघडायचं असलं की. वरनं बघितलं तर काहीच नाही, नुसतं रान. माती उकरून झाकण काढलं की माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, आणि खाली मडक्यासारखं फुगत गेलेलं वीस-पंचवीस फूट खोल पोट, त्यात हळकुंडं. वर्षानुवर्षं राहायची तशीच, कीड नाही काही नाही. आजीनं सांगून ठेवलेलं की असल्या ठिकाणी भुजंग असतो राखणीला, त्यामुळे मी आपला लांब उभा राहून तो कधी फणा काढतोय बघत बसायचो.

अण्णांना भुजंगाचं काही नव्हतं. त्यांना भीती हवेची. आतला ऑक्सिजन संपून तळाला नुसता कार्बन डायऑक्साइड साचलेला, त्याला ना रंग ना वास. म्हणून तोंड उघडून ठेवायचं, थांबायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील तगला तर हमाल उतरणार. मी एकदा घाई करत पुढं झालो तर एका हमालमामांनी दंडाला धरून मागं ओढलं, "आरं थांब की लेका, कंदील इझला तर माणूसबी इझतोय."

आता सांगा, त्या मशालवाल्यावर कसा विश्वास ठेवायचा? त्यात ड्रॅगन आग ओकतो, म्हणजे उरलीसुरली हवा पण हाच खाणार.

२००५च्या पुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं. हळद कुजली, बरीच पेवं कायमची गेली. सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं २०१८ला, तोवर माल कोल्ड स्टोरेजला जायला लागून जमाना झालेला. कादंबरीत खजिना गेला की निदान कुणाशी तरी लढता येतं. अण्णा त्या पावसाळ्यानंतर हरिपूरच्या रस्त्याला गेलेच नाहीत, आणि आम्हीही कधी विषय काढला नाही.

भाचीला हे हवेचं सांगितलं तर म्हणते, "अरे मामा, मॅजिक आहे ना!" मॅजिकला माझी ना नाही गं, पण मग हवेचा एखादा मंत्र टाकायचा होता, दोन ओळींचं तर काम. हसली आणि दुसरा भाग आणून आदळला. त्यात म्हणे ड्रॅगन समुद्राच्या तळाशी राहतो.

राहू दे.