१३१ ओळींची वही

मे महिना आमच्या रक्तपेढीला जड जातो. कॉलेजं बंद, त्यामुळे शिबिरं नाहीत, आणि विदर्भातलं ऊन असं की अकरानंतर माणूस घराबाहेर पडत नाही. त्या सकाळी फ्रिज उघडला तर बी निगेटिव्हचा कप्पा रिकामा. समोरच्या बाकावर आमची नऊ वर्षांची पेशंट आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली.

तिला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयार न होण्याचा जन्मजात आजार. सात महिन्यांची असल्यापासून दर २१ दिवसांनी रक्त लागतं. या वेळी चार दिवस उशीर झाला होता, हिमोग्लोबिन ७.२ वर आलं होतं. एरवी ही पोर आल्या आल्या वजनकाट्यावर चढून "किती झालं?" विचारते. त्या दिवशी तिने काट्याकडे पाहिलंही नाही.

दात्यांची यादी घेऊन फोनला बसले. निगेटिव्ह गटाची माणसं आपल्याकडे शंभरात पाचेक, त्यातही बी म्हणजे आणखी थोडी. एक परगावी, दुसऱ्याची औषधं चालू, तिसऱ्याने दोनच महिन्यांपूर्वी दिलेलं आणि पुरुषांना तीन महिन्यांचं अंतर लागतं. चौथ्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. "शटर ओढतो अन् येतो," एवढंच बोलला.

साडेदहाला ३५० मिलीची पिशवी भरली. नंतर थोडा वेळ बसवून चहा-बिस्किटं द्यायची असतात. बसायला बाक एकच, म्हणून तो त्या मायलेकींच्या शेजारी जाऊन टेकला. मुलीचा उतरलेला चेहरा पाहून त्याने बिस्किटांचा पुडा तिच्यापुढे धरला. तिने एक उचललं.

"काकाला थँक्यू म्हण," आई म्हणाली. ती पुटपुटली. तो हसला, चहा संपवला आणि दुकान उघडायला निघून गेला.

मी काचेमागून हे सगळं पाहत होते. रुग्णाला दात्याचं नाव सांगायचं नाही आणि दात्याला रुग्णाचं, ही शिस्त मला मनापासून पटते. दोघांची ओळख झाली की मध्ये पैसा येतो, जात येते, उपकाराचं ओझं येतं. तरीही त्या क्षणी काच सरकवून बोलून टाकावं असं फार वाटलं. नाही बोलले. पुढे तपासण्या व्हायच्या होत्या: एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया. मग लाल पेशी वेगळ्या करणं आणि क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते पाहणं.

सगळं नीट जुळलं तेव्हा पाच वाजून गेले होते. काउंटरवर रक्ताची पिशवी आली तशी आईने आपल्या थैलीतून एक शंभरपानी वही काढली आणि लेबलवरचा क्रमांक उतरवून घ्यायला लागली. पानभर नुसत्या तारखा आणि आमच्या पिशव्यांचे क्रमांक. शेवटच्या ओळीचा आकडा १३१. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त विनामूल्य मिळतं, मग हिशेब कशाचा? मी विचारलं.

"नाव तं तुम्ही सांगत नाही ना ताई. मग नंबरच लिहून ठेवते. सांजेला दिवा लावला की वहीवर हात ठेवते. ही मोठी झाली की वाचंल, आपली एवढी माणसं हायेत म्हणून."

चौदा वर्षं मी हे क्रमांक लिहिते आहे. काही बिघडलं तर माग काढता यावा, एवढाच त्यांचा उपयोग मला ठाऊक होता. आभार लोक आमचे मानतात, कारण काउंटरवर आम्ही दिसतो. पगार घेणाऱ्याला ते सहज मिळतात आणि दुकान बंद करून येणाऱ्याच्या वाट्याला चहा. हे मला इतकी वर्षं टोचलं नाही, याचं त्या संध्याकाळी वाईट वाटलं.

स्वीडनमध्ये दात्याचं रक्त वापरलं गेलं की त्याच्या मोबाइलवर तसा संदेश जातो, असं मागे ऐकलं होतं. वॉर्डातून रक्त चढवून झाल्याचं कळलं, तेव्हा आठ वाजले होते. मी दुकानदाराला फोन लावला.

"दादा, तुमची पिशवी आज लागली. पेशंट बरा आहे."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. तो थांबला.

"कोणाले दिली जी?"

"ते सांगता येत नाही."

"बरं." थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "मॅडम, तीन महिने म्हणजे ऑगस्ट ना? पंधरा ऑगस्टच्या नंतर येतो. दुकानात पाटीवर लिहून ठेवतो."