इंग्रजी वाक्याचा बाज बदलताना: क्रियापदांचा टप्पा

या टप्प्यातलं काम: बोलीतलं वाक्य घ्यायचं, मजकूर तोच ठेवायचा आणि ते औपचारिक पत्रात शोभेल असं करायचं. सुरुवात क्रियापदापासून केली, कारण बाज सगळ्यात जास्त तिथे ठरतो.

नमुना वाक्य: 'द बॉस टोल्ड अस टू पुट ऑफ द मीटिंग बिकॉज लॉट्स ऑफ पीपल कुडन्ट कम.'

आधी जोडशब्दी क्रियापद हेरा, म्हणजे 'ऑफ'सारखा छोटा शब्द जोडून झालेलं. 'पुट ऑफ'च्या जागी 'पोस्टपोन'. मग 'लॉट्स ऑफ'चं 'मेनी', 'कुडन्ट'चं 'वेअर अनेबल टू', 'कम'चं 'अटेंड', 'बॉस'चं 'मॅनेजर'. 'टोल्ड'ऐवजी 'आस्क्ड' पुरेसं आहे; 'इन्स्ट्रक्टेड' घातलं की हुकमाचा सूर लागतो. 'बिकॉज' दोन्हीकडे चालतं, त्याला हात लावू नका. नुसतं 'पोस्टपोन' घालून बाकीचं तसंच ठेवलं तर ठिगळ लगेच दिसतं.

खरी अडचण शब्द बदलल्यानंतर सुरू होते, कारण नवं क्रियापद आजूबाजूची मांडणीही बदलायला लावतं. 'कम टू द मीटिंग' बरोबर, पण 'अटेंड द मीटिंग'मध्ये 'टू' येत नाही. 'अटेंड टू' म्हणजे एखाद्या कामाकडे लक्ष देणं, हा अर्थच वेगळा. 'टेल मी द रीझन' चालतं, 'एक्स्प्लेन मी द रीझन' चुकतं. तिथे 'एक्स्प्लेन द रीझन टू मी' हवं. तसंच 'गिव्ह द लायब्ररी सम बुक्स', पण 'डोनेट सम बुक्स टू द लायब्ररी'. फ्रेंच-लॅटिन वळणाची बहुतेक क्रियापदं अशी दोन कर्मं ओळीने घेत नाहीत. 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' घेतात. त्यांचा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अवयवावर (अक्षरावर) आहे. अपवाद ओळखायला ही खूण बऱ्यापैकी कामाची आहे.

रोजचे शब्द आणि औपचारिक शब्द असे हे दोन थर कुठून आले? 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे बराच काळ दरबार आणि कायद्यात फ्रेंच, चर्च आणि विद्येत लॅटिन, तर घरात इंग्रजी होती. म्हणून 'आस्क', 'क्वेश्चन', 'इंटरॉगेट' अशा चढत्या पायऱ्या सापडतात. मात्र निव्वळ व्युत्पत्तीवर विसंबू नका. 'यूज', 'फेस', 'व्हेरी' फ्रेंचमधून आले तरी रोजच्या वापरातले आहेत. 'सीक' (शोधणं) आणि 'फो' (शत्रू) अस्सल जुने इंग्रजी असूनही पुस्तकी वाटतात. शब्दकोशातली 'फॉर्मल', 'इन्फॉर्मल' ही खूण आणि त्या नोंदीतली उदाहरणं, दोन्ही पाहा.

सगळ्यात जास्त वाक्यं 'स्टार्ट'च्या जागी घातलेल्या 'कमेन्स'पायी बिघडतात. 'द मीटिंग कमेन्स्ड ॲट टेन' ठीक आहे, पण 'द कार वोन्ट स्टार्ट'मध्ये तो बसतच नाही. मराठीतही गाडी सुरू होते, तिचा प्रारंभ होत नाही. 'यूटिलाइज'चंही तेच: जवळपास सगळीकडेच 'यूज' सरस. साधी पायरी, म्हणजे 'बिगिन', 'आस्क', 'यूज', बहुतेक पत्रांना पुरते.

पुढचा टप्पा नामांचा: 'डिसाइड'चं 'मेक अ डिसिजन' करणं. 'अ डिसिजन वॉज मेड' असं लिहिलं की निर्णय कोणी घेतला तेच गळतं, त्यामुळे प्रत्येक वाक्यात कर्ता शिल्लक आहे का, हे आधी तपासायचं आहे.