परसातल्या उसाची साखर: माझा अनुभव

पहिल्या वर्षी मी उकळत्या रसात लिंबू पिळलं. साखरेच्या पाकात लिंबू घातलं की मळ वर येतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं होतं. रस निवळला, आटला, बरणीत भरला, आणि दीड महिना वाट पाहूनही त्यात साखरेचा एक कण दिसला नाही. नुसता दाट, चिकट पाक.

पुढे वाचत गेल्यावर उलगडा झाला. पाकाची साखर होऊ नये म्हणूनच तर त्यात लिंबू घालतात! आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की साखर मोडते, तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ही दोन्ही गोडच, पण सहजी दाणा धरत नाहीत आणि उरलेल्या साखरेलाही धरू देत नाहीत. उसाचा रस आधीच थोडा आम्लधर्मी असतो, सामू (pH, ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली) साधारण ५ ते ५.५. त्यात मी ऊस तोडून तीन दिवस तसाच ठेवला होता. तोडलेल्या उसातही हीच मोडतोड सुरू होते. म्हणजे लिंबाच्या आधीच माझी बरीच साखर गेलेली होती.

बुडखे जमिनीत होतेच. त्यांना फुटवे आले आणि दुसऱ्या वर्षी खोडव्याचे बारा ऊस चांगले पोसले.

या वेळी तोडायची घाई केली नाही. ऊस बुडाकडून शेंड्याकडे पिकत जातो. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा एक थेंब टाकला की त्यात किती घन पदार्थ विरघळलेले आहेत ते कळतं. बुडाच्या कांडीत १९ ब्रिक्स, म्हणजे शेकडा १९ भाग, आणि वरच्या कांडीत ११, म्हणजे ऊस अजून कच्चा. पाणी तोडलं आणि पाच आठवडे थांबले. मग २० आणि १८ आलं. हे उपकरण नसेल तर दोन्ही टोकांच्या कांड्या चावून पाहाव्यात, फरक जिभेला नीट कळतो. ऊस अगदी जमिनीलगत कापला, कारण सगळ्यात गोड तिथेच असतो. वाढे, म्हणजे वरचे शेंडे, मात्र बाजूला काढले. त्यांत ग्लुकोज जास्त, साखर कमी.

तोडणी सकाळी सहाला केली आणि त्याच दिवशी रस चुलीवर चढवला. मधलं काम फार दमवणारं आहे. साल काढायची, कठीण पेरं कापून टाकायची, कांड्यांचे बारीक तुकडे करून थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमधून फिरवायचे आणि जाड फडक्यातून पिळायचे. चोथ्यावर पुन्हा थोडं पाणी घालून दुसऱ्यांदा पिळलं. बारा किलो उसातून नऊ लिटर पातळ रस निघाला. हाताने फिरवायचा चरक असेल तर पाणी घालावं लागत नाही आणि आटवायचा वेळही वाचतो.

लिंबाऐवजी या वेळी खाण्याच्या चुन्याची निवळी वापरली. रस कोमट असतानाच चमचा-चमचा घालून सामू मोजायच्या पट्टीने तपासत राहिले आणि ७ च्या आसपास थांबले. चुना जास्त झाला तर रस काळपट होतो. उकळी यायच्या जरा आधी करड्या-हिरव्या मळाची जाड साय वर आली. ती झाऱ्याने काढली, रस तासभर स्थिर ठेवला आणि वरचा नितळ भाग तेवढा पसरट पातेल्यात ओतून घेतला. तळाचा गाळ टाकून दिला.

आटायला चार तास लागले. थर्मामीटर लावलाच पाहिजे, कारण शेवटच्या वीस मिनिटांत पाक झपाट्याने दाट होतो. मी ११० अंशांवर आच बंद केली. ११८ च्या पुढे नेला असता तर गूळ झाला असता आणि मळी, म्हणजे दाणा न धरणारा काळपट पाक, त्यातच अडकून बसली असती.

खरी कसोटी यानंतर होती. पाक साधारण ७० अंशांवर आल्यावर त्यात घरीच दळलेल्या साखरेची अर्धा चमचा पूड ढवळली. नव्या दाण्यांना चिकटायला जागा हवी, त्यासाठी हे विरजण. मग भांडं दोन गोधड्यांत गुंडाळलं. पाक झटकन गार झाला तर दाणे पिठासारखे बारीक होतात आणि मळी निथळत नाही.

तिसऱ्या दिवशी चमच्याच्या टोकाने थोडा पाक घेऊन चिमटीत चोळला. बारीक वाळूसारखा कचकचीतपणा लागला. उजेडाकडे धरलं तर बोटाच्या रेषांमध्ये दाणे चमकत होते, सपाट कडांचे, मधाच्या रंगाचे. मी तशीच बराच वेळ खिडकीशी उभी होते.

दोन आठवडे दाणे वाढू दिले. मग सगळं किंचित कोमट करून फडक्याच्या पिशवीत बांधलं आणि दीड दिवस टांगून ठेवलं. शेवटी गार पाण्याचे दोन चमचे वरून शिंपडले. तेवढ्याने दाण्यांवरचा मळीचा थर उतरतो. जास्त पाणी घातलं तर साखरच वाहून जाते. ताटात पसरून वाळवली आणि वजन केलं: ४३० ग्रॅम. रंग फिका सोनेरी, वास ताज्या रसाचा. पांढरीशुभ्र साखर घरी होत नाही. त्यासाठी कारखान्यात रसावर आणखी प्रक्रिया असते आणि दाण्यांवरची मळी यंत्राने गरगर फिरवून काढतात.

निथळलेली मळी पाऊण किलोच्या वर भरली. ती बरणीत घालून ठेवली होती. काल चमचा बुडवला तर तो तळाशी टेकेना, खाली दाण्यांचा बोटभर थर जमलाय. उद्या तीही पिशवीत बांधणार आहे.