तीस क्रेडिट आणि गुरुवारचा एक तास

डॉक्टर म्हणून असलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मागच्या महिन्यात प्रमाणपत्रांची फाईल काढली. महाराष्ट्र वैद्यक परिषदेला ५ वर्षांत लागणारे, व्याख्यानांना हजर राहून मिळणारे ३० क्रेडिट त्यात सहज भरले. पण त्या व्याख्यानांत काय ऐकले, हे काही केल्या आठवेना. एक रविवार तेवढा लख्ख आठवतो. आदल्या रात्रीची ड्यूटी उतरवून नाशिकच्या एका हॉटेलच्या सभागृहात हजेरीपटावर सही केली आणि दिवे मंद होताच जो डोळा लागला, तो जेवणाच्या गडबडीनेच उघडला. क्रेडिट मात्र पूर्ण मिळाले.

डॉक्टर पदवीनंतर वाचत नाहीत, ही तक्रार मी दोन्ही बाजूंनी ऐकली आहे. माझ्यापुरते सांगायचे तर माझी जिज्ञासा नोकरीबरोबर बदलत गेली.

पहिली नोकरी सुरगाण्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात होती. पावसाळ्यातल्या एका पहाटे जमिनीवर झोपणारा एक शेतमजूर पोट दुखते म्हणून आला. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही, म्हणून मी आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन त्याला पडून राहायला सांगितले. तासाभराने त्याच्या पापण्या उचलत नसल्याचे सिस्टरांच्या लक्षात आले. आमचे वरिष्ठ धावत आले आणि श्वास किती पुरतो हे पाहायला त्यांनी त्याला एका दमात आकडे म्हणायला लावले. तो नवावर थांबला, थोड्या वेळाने पाचावर. मण्यार होती. प्रतिविष सुरू करून, श्वासनलिकेत नळी घालून त्याला नाशिकला पाठवले आणि तो वाचला. दुपारी सरांनी मला न रागावता शेजारी बसवले आणि मण्यारीच्या दंशावरचे प्रकरण आम्ही दोघांनी ओळीने वाचले. त्यानंतर दर गुरुवारी तासभर असेच बसायचा पायंडा पडला.

पुढे शहरातल्या एका खासगी रुग्णालयात पगार दुपटीहून अधिक मिळाला; मात्र तिथे रुग्ण दगावल्यानंतरची चर्चा म्हणजे दोष कोणाच्या माथी मारायचा याची बैठक असे, त्यामुळे शंका विचारणे म्हणजे आपणहून कबुलीजबाब देणे, हे सगळे लवकरच शिकले. निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी साधारणपणे १२ तासांहून अधिक नसावी, हा केंद्राचा निर्देश १९९२ सालचा आहे. आमच्या ड्यूटीच्या तक्त्याला त्याचा गंधही नव्हता. त्या चार वर्षांत मी एकही लेख शेवटपर्यंत वाचला नाही.

यावर कोणी ना कोणी महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचे उदाहरण देतेच. ग्रामीण भागात, तुटपुंज्या साधनांनिशी त्यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, हे खरेच आहे. पण अशा असामान्य माणसाच्या हिमतीवर इतरांच्या ड्यूट्या आखायच्या, हे मला पटत नाही.

आता माझ्या लहानशा रुग्णालयात गुरुवारी दुपारी एक तास ओपीडी बंद असते. बाहेर बसलेले रुग्ण कुरकुर करतात, औषध कंपनीचे प्रतिनिधी तर नेमके तेव्हाच येतात. मागच्या गुरुवारी आमच्या आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) मॅडमनी विचारले, की नागाच्या दंशात निओस्टिग्मिन या औषधाने पापण्या उघडतात, मग मण्यारीत त्याचा तसा गुण का येत नाही? मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते, एवढे मला सांगता आले. त्यांचा पुढचा प्रश्न, ते टोक पुन्हा कसे आणि किती दिवसांत सावरते, हा होता. तो या गुरुवारी घ्यायचा आहे.