चिमट्याला लटकलेलं नेरूळ

आमच्या सेक्टरच्या बागेत गणपतीच्या दिवसांत आम्ही फोटोंचं प्रदर्शन भरवलं. भरवलं म्हणजे काय, तर दोन अशोकांच्या मध्ये नायलॉनची दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो अडकवले. तळमजल्यावरच्या काकांनी दोरी ओढून पाहिली आणि निर्वाळा दिला, "ओली चादर घातलीस तरी तुटणार नाही."

कल्पना उसनी. न्यूयॉर्कला ब्रुकलिन पुलाजवळच्या बागेत २०१२ पासून 'फोटोव्हिल' नावाचा महोत्सव भरतो. तिकीट नाही. जहाजावरचे कंटेनर आणून ठेवतात आणि त्यांच्या पोटात फोटो लावतात. वाचून मला हसू आलं. कंटेनरचं अप्रूप नवी मुंबईकरांना? १९८९ ला न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, तेव्हापासून आमचं निम्मं आयुष्य ट्रेलरच्या मागे अडकून गेलंय. त्या डब्यात काही बघण्यासारखंही ठेवता येतं, हे कधी डोक्यात आलं नाही एवढंच.

तसं उघड्यावरचं फुकट फोटोप्रदर्शन आपल्याकडे बारा महिने चालूच असतं. चौकाचौकात, हात जोडलेलं, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांसह. ते सोडून देऊ.

पैशाचा प्रश्न नसतोच. काळ्या घोड्याच्या जहांगीर कलादालनात तरी कुठे तिकीट आहे? पण आमच्या बिल्डिंगमधल्या किती जणी आत गेल्या असतील? दार उघडं असतं हे खरं, पण दार असतं ना! एका चित्रापुढे किती वेळ उभं राहायचं, 'कळलं नाही' असं मोठ्याने म्हटलं तर चालेल का, हे सगळं त्या उंबऱ्यावरच सुचतं. बागेत माणूस दूध आणायला निघालेला असतो. पिशवी हातात, पायात स्लिपर. वाटेत फोटो येतो म्हणून थांबतो, नाही आवडला तर पुढे जातो. फोटोचा अपमान नाही, ह्याचाही नाही.

हिवाळ्यात इथल्या पाणथळींवर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. पहाटे हातभर लांबीच्या लेन्स घेऊन मंडळी दबा धरून बसलेली असतात. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहितांचं अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. पक्षी आमच्या दारात, फोटो मात्र सगळ्या जगाच्या मोबाइलवर. म्हणून त्यांच्यातल्या एका मुलाकडून चार फोटो मागून आणले होते. बाग झाडणाऱ्या मावशी खराटा टेकवून त्यातल्या एकासमोर उभ्या राहिल्या. "अगं बाई, हा डोकं उलटं घालून खातो होय! आम्हाला लांबून नुसतं गुलाबी दिसतं."

गर्दी मात्र जुन्या फोटोंपाशी. वाशीला लोकल यायच्या, म्हणजे १९९२ च्याही आधी ज्यांनी सिडकोच्या घराचा ताबा घेतला, त्यांनी ट्रंका उघडल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा कृष्णधवल फोटो सगळ्यांत लहान, तळहाताएवढा. बाल्कनीत त्या, कडेवर मुलगा, आणि मागे पारसिकच्या डोंगरापर्यंत काही म्हणजे काहीच नाही. आता त्याच बाल्कनीतून समोरच्यांचा टीव्ही दिसतो. ज्यांच्या घरात तो टीव्ही आहे तेही फोटो बघायला आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "आमची बिल्डिंग कुठे असेल हो यात?" काकूंनी गवतावर बोट ठेवलं.

चौथ्या दिवशी दुपारी सर आली. आम्ही छत्र्या घेऊन धावेपर्यंत व्हायचं ते झालं. मी हौसेने रंगीत प्रिंटरवर काढलेले मोठे फोटो ओघळले. रोहितांचा गुलाबी रंग चिखलात उतरला. काकूंचा फोटो चिंब होऊनही जसाच्या तसा. काका म्हणाले, "त्याचा जन्मच पाण्यातला. आधी डेव्हलपर, फिक्सर ही रसायनं, मग नळाखाली धुणं. स्टुडिओतही असाच चिमट्याला लावून वाळवायचे."

काकूंनी तो पदराने टिपला नाही, काकांनी टिपू दिला नाही. पंख्याखाली वर्तमानपत्रावर ठेवला. संध्याकाळपर्यंत उडदाच्या पापडासारखा वळला होता. आता शब्दकोशाच्या दोन खंडांखाली दाबून ठेवलाय आणि काकू रोज विचारतात, "सरळ झाले का गं मी?"